जन्मगाव उत्तरेत, मूळगाव पूर्वेला: नायजेरियाच्या दुहीची कहाणी

उत्तर नायजेरियातले झुंगेरू हे गाव आज नकाशावर शोधावे लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र ब्रिटिशांच्या उत्तर नायजेरियाचा सगळा कारभार तिथून चालत असे. १९०४ मध्ये तिथे लष्कराच्या नोकरीत असलेल्या एका इग्बो कारकुनाला मुलगा झाला. त्याचे नाव न्नाम्दी अझिकिवे. कुटुंबाचे मूळगाव दूर दक्षिणेला, नायजर नदीकाठचे ओनित्शा. पण पोरगा हौसा मुलांत वाढला आणि हौसाच बोलू लागला. मुलाला स्वतःची भाषा येत नाही या काळजीने वडिलांनी त्याला ओनित्शाला नातेवाइकांकडे धाडले. पुढे लेगोसला शिकताना तो योरुबाही बोलू लागला. हाच मुलगा नायजेरियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच झुंगेरूत १९३३ मध्ये एका धनाढ्य इग्बो वाहतूक व्यावसायिकाच्या घरी चुक्वुएमेका ओडुमेग्वू ओजुकू जन्मले. १९६७ मध्ये त्यांनी नायजेरियातून फुटून बियाफ्रा नावाचे स्वतंत्र राष्ट्र जाहीर केले.

बियाफ्राचे युद्ध म्हणजे पूर्वापार वैर असलेल्या टोळ्यांची झुंज, असे चित्र बाहेरच्या जगात रूढ झाले. ते खरे नाही. हौसा, योरुबा आणि इग्बो हे समाज शतकानुशतके एकमेकांशी लढत होते, असा इतिहास नाही. त्यांचा दाट संबंध आला तोच मुळी विसाव्या शतकात. तो आल्यावर एक प्रश्न उभा राहिला: माणूस कुठला? जिथे तो जन्मला, राबला, कर भरत राहिला तिथला, की जिथे त्याच्या आजोबांचे घर होते तिथला? या प्रश्नाचे चुकीचे उत्तर राज्यकारभाराचा पाया बनले, आणि त्याची किंमत लाखो माणसांनी प्राण देऊन चुकवली.

एक देश, दोन कारभार

१ जानेवारी १९१४ रोजी गव्हर्नर फ्रेडरिक लुगार्ड यांनी उत्तर आणि दक्षिण नायजेरिया एकत्र केले. त्यामागचे मोठे कारण हिशेबाचे होते. दक्षिणेच्या बंदरांत जकातीचे भरपूर उत्पन्न होते आणि उत्तरेचा खर्च भागत नव्हता. अडीचशेहून अधिक भाषा-समाज एका सीमेत आले. कारभार मात्र एक झाला नाही.

उत्तरेत एकोणिसाव्या शतकापासून सोकोतोच्या खिलाफतीची घडी बसलेली होती. अमीर, काझी, करवसुली, सगळे जागेवर होते. ब्रिटिशांनी अमीरांना कायम ठेवून त्यांच्यामार्फत राज्य केले आणि मुस्लिम भागात ख्रिस्ती मिशनऱ्यांना फारसे पाऊल टाकू दिले नाही. त्यामुळे मिशनच्या शाळाही तिथे पोचल्या नाहीत. पश्चिमेच्या योरुबांकडे नगरे होती, राजे होते आणि शाळाही लवकर आल्या. पूर्वेच्या इग्बो मुलुखात बहुतेक ठिकाणी राजाच नव्हता. गावची माणसे एकत्र बसून निर्णय घेत. ब्रिटिशांनी तिथे सनद देऊन मुखिये नेमले, तेव्हा लोक चिडले. १९२९ मध्ये आबा परिसरातल्या हजारो स्त्रिया करांच्या धास्तीने आणि या मुखियांच्या जाचाने रस्त्यावर उतरल्या. सरकारने गोळीबार करून तो उठाव मोडला.

इग्बो मुलुखात माणसे फार आणि जमीन थोडी. शिक्षणाची ओढ लागताच तिथली तरुण पोरे रेल्वेने उत्तरेला निघाली. टपाल, रेल्वे, बँका आणि सरकारी कचेऱ्यांना कारकून हवे होते, ते हे झाले. कुणी सायकलदुरुस्ती, कुणी शिवणकाम, कुणी दुकानदारी धरली. कानो शहराच्या तटबंदीबाहेर दक्षिणेकडच्या लोकांसाठी वेगळी वस्ती आखली होती. तिला साबोन गारी, म्हणजे नवी वस्ती, म्हणत. उत्तरेच्या इतर शहरांतही अशा वस्त्या उभ्या राहिल्या. हौसा आणि इग्बो बाजारात रोज भेटत, पण त्यांची घरे, शाळा आणि न्यायालये वेगवेगळी होती. शेजार जुळू नये अशीच ती रचना होती.

या वस्त्यांत प्रत्येक इग्बो गावाचे मंडळ असे. महिन्याच्या महिन्याला वर्गणी जमायची. त्यातून गावात शाळा बांधली जाई, हुशार मुलाला परदेशी शिकायला पाठवले जाई, आजारी माणसाला मदत मिळे, आणि परमुलुखात कुणी वारला तर त्याला मूळगावी नेण्याची सोय होई. पोटासाठी घर सोडलेल्यांनी एकमेकांना दिलेला तो आधार होता. हौसा शेजाऱ्यांच्या डोळ्यांत मात्र तोच खुपू लागला. आपल्याच शहरात नोकरी त्यांची, दुकान त्यांचे आणि कमाई जाते त्यांच्या गावाला, अशी भावना मूळ धरू लागली.

प्रांत म्हणजे सत्तेची शिदोरी

१९४६ च्या राज्यघटनेने देशाचे तीन प्रांत पक्के केले: उत्तर, पश्चिम आणि पूर्व. प्रत्येक प्रांतात एक समाज बहुसंख्य आणि बाकीचे अनेक अल्पसंख्य. पक्षही त्याच मुशीत ओतले गेले. उत्तरेत सोकोतोचे सरदार अहमदू बेलो यांची नॉर्दर्न पीपल्स काँग्रेस, पश्चिमेत ओबाफेमी अवोलोवो यांचा अ‍ॅक्शन ग्रुप आणि पूर्वेत अझिकिवे यांचा एनसीएनसी. एनसीएनसीची सुरुवात अखिल नायजेरियाचा पक्ष म्हणून झाली होती. पण प्रांताच्या तिजोरीवर ताबा मिळाल्यावर नोकऱ्या, कंत्राटे आणि शिष्यवृत्त्या ज्याच्या हाती त्याच्या माणसांना, हा शिरस्ता तिन्हीकडे पडला.

दक्षिणेला स्वातंत्र्याची घाई होती आणि उत्तरेला धास्ती. इंग्रज गेल्यावर सगळ्या खुर्च्या शिकलेले दक्षिणी बळकावतील, ही ती धास्ती. १९५३ मध्ये अ‍ॅक्शन ग्रुपचे अँथनी एनाहोरो यांनी १९५६ पर्यंत स्वशासन मिळावे असा ठराव मांडला. उत्तरेच्या प्रतिनिधींनी तो अडवला, तेव्हा लेगोसच्या रस्त्यांवर त्यांची हुर्यो उडवली गेली. मे महिन्यात अ‍ॅक्शन ग्रुपचे नेते कानोला प्रचाराला येणार म्हटल्यावर दंगल पेटली. सरकारी आकड्यानुसार ३६ माणसे मेली. वाद उत्तर आणि पश्चिमेच्या नेत्यांचा, पण साबोन गारीत हाताला सापडले ते मुख्यतः इग्बो. परक्या ठिकाणी राहणारा माणूस दुसऱ्याच्या राजकारणाचे ओलीस असतो, याची ही पहिली मोठी खूण होती. तिच्यातून कुणी धडा घेतला नाही. उलट उत्तरेच्या सरकारने नोकऱ्यांत उत्तरेच्या माणसाला पहिला हक्क दिला आणि दक्षिणेच्या नायजेरियनांना कायम न करता कंत्राटावर ठेवले. स्वतःच्याच देशात नायजेरियन माणूस परदेशी ठरला.

छोट्या समाजांचे दुःख आणखी वेगळे होते. पूर्वेत इजॉ, इबिबिओ, एफिक आणि ओगोनी यांना इग्बो वर्चस्वाची भीती होती, तर उत्तरेत तिव आणि इतर समाजांना अमीरांच्या राज्याची. त्यांच्या तक्रारी ऐकायला नेमलेल्या विलिंक आयोगाने १९५८ मध्ये भीती खरी असल्याचे मान्य केले, पण नवे प्रांत करायला नकार दिला आणि मूलभूत हक्कांच्या तरतुदीवर भागवले.

१ ऑक्टोबर १९६० रोजी स्वातंत्र्य आले तेव्हा क्षेत्रफळाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग एका उत्तर प्रांताकडे होता आणि केंद्रीय सभागृहाच्या ३१२ जागांपैकी १७४ त्याच्या वाट्याला होत्या. उत्तर एकजूट राहिली तर बाकी देशाने कसेही मतदान केले तरी सत्ता तिचीच. लोकसंख्येवर जागा ठरणार म्हणून १९६२-६३ च्या जनगणनेतही डोकी फुगवल्याचे आरोप झाले आणि आकड्यांवरून रान पेटले. १९६५ मध्ये पश्चिमेतल्या निवडणुकीत उघड गैरप्रकार झाले. माणसांवर आणि घरांवर पेट्रोल ओतून ती जाळली जाऊ लागली. पंतप्रधान अबुबकर तफावा बलेवा यांना ते आवरता आले नाही.

वर्ष १९६६

१५ जानेवारी १९६६ च्या पहाटे काही तरुण मेजरांनी बंड केले. पंतप्रधान बलेवा, उत्तरेचे मुख्यमंत्री अहमदू बेलो, पश्चिमेचे मुख्यमंत्री अकिंतोला आणि अनेक वरिष्ठ लष्करी अधिकारी मारले गेले. कदुनात बंडाचे नेतृत्व करणारे मेजर चुक्वुमा न्झेओग्वू इग्बो होते, पण जन्मले कदुनात, वाढले तिथे आणि हौसा अस्खलित बोलत. ‘कदुना’ हे त्यांचे टोपणनावच पडले होते. भ्रष्ट राजकारण्यांचा काळ संपला, असे त्यांनी जाहीर केले आणि सुरुवातीला उत्तरेतही काही जणांनी आनंद मानला.

मग लोक नावे मोजू लागले. बंड करणाऱ्यांत बहुसंख्य इग्बो. मेलेल्यांत बहुसंख्य उत्तरेचे आणि पश्चिमेचे. पूर्वेचे मुख्यमंत्री ओक्पारा जिवंत, अझिकिवे परदेशात. बंड फसल्यावर सत्ता आली ती सेनापती आगुयी-इरॉन्सी यांच्याकडे, आणि तेही इग्बो. खरे तर इरॉन्सींनीच बंड मोडले होते आणि कानोतल्या पलटणीचे प्रमुख ओजुकू बंडवाल्यांच्या विरोधात उभे राहिले होते. पण संशयाला पुरावा लागत नाही. २४ मे रोजी इरॉन्सींनी प्रांत बरखास्त करून सगळी नोकरशाही एक केली. प्रांताच्या नावावर पोट असलेल्या उत्तरेच्या कारकुनाला यात आपल्या नोकरीचा शेवट दिसला. पाच दिवसांत उत्तरेची शहरे पेटली आणि शेकडो इग्बो मारले गेले.

२९ जुलैला उत्तरेच्या सैनिकांनी उलटे बंड केले. त्या रात्री इरॉन्सी इबादानला पश्चिमेचे लष्करी गव्हर्नर अदेकुन्ले फजुई यांच्याकडे पाहुणे होते. फजुई योरुबा. इरॉन्सींबरोबर त्यांनाही नेण्यात आले आणि दोघेही मारले गेले. पाहुण्याला सोडून फजुई गेले नाहीत, ही आठवण पश्चिमेत आजही आदराने सांगितली जाते. सत्तेवर आले ३१ वर्षांचे लेफ्टनंट कर्नल याकुबू गोवॉन. ते उत्तरेचे, पण हौसा नव्हेत आणि मुस्लिमही नव्हेत. पठारावरच्या एका लहान समाजातले ख्रिस्ती.

पूर्वेचे गव्हर्नर झालेल्या ओजुकूंनी मे महिन्यातल्या कत्तलींनंतर पळून आलेल्या लोकांना उत्तरेत परतायचे आवाहन केले होते. कानोच्या अमीरांना त्यांनी न्सुक्का विद्यापीठाचे कुलपतीही नेमले. लोकांनी शब्दावर विश्वास ठेवला आणि ते परत गेले. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये जे घडले त्यात यातलेही अनेक जण सापडले. साबोन गारी, रेल्वे स्थानके, विमानतळ, कुठेच आसरा उरला नाही. जमावात काही ठिकाणी सैनिकही सामील होते. मृतांची संख्या काही हजारांपासून तीस हजारांपर्यंत सांगितली जाते. ज्यांनी इग्बो शेजाऱ्यांना घरात लपवले, रातोरात गाडीत बसवून दिले, असे हौसाही होते आणि त्यांच्यामुळे कित्येक कुटुंबे वाचली. दहा लाखांहून अधिक माणसे पूर्वेला पोचली. यातली कित्येक मुले उत्तरेत जन्मलेली, त्यांनी ‘आपले गाव’ कधी पाहिलेलेही नव्हते. देशाने त्यांना सांगून टाकले की तुम्ही तिथलेच.

बियाफ्रा

जानेवारी १९६७ मध्ये घानातल्या अबुरी इथे गोवॉन आणि ओजुकू समोरासमोर बसले. सैल संघराज्यावर एकमत झाल्यासारखे दिसले. घरी परतल्यावर दोघांनी त्याचे अर्थ वेगळे लावले. प्रांत तोवर पुन्हा कायम झाले होते आणि मध्य-पश्चिम धरून ते चार होते; २७ मे रोजी गोवॉन यांनी त्या चार प्रांतांची बारा राज्ये केली. अल्पसंख्य समाजांची जुनी मागणी एका फटक्यात पुरी झाली आणि उत्तरेच्या अवाढव्य प्रांताचे सहा तुकडे झाले. पण पूर्वेचेही तीन तुकडे झाले, आणि पूर्वेतल्या खनिज तेलाचा मोठा भाग, पोर्ट हारकोर्टचे बंदरही, इग्बोंच्या राज्याबाहेर गेले. ३० मे रोजी ओजुकूंनी बियाफ्रा जाहीर केले. ६ जुलैला तोफा धडाडल्या.

जीव वाचवायला माणसे जिथे पळून आली ती जागा राखण्यासाठी बियाफ्रा लढत होता, हे कुणी नाकारू नये. पण बियाफ्राच्या सीमेत एक तृतीयांशाहून अधिक लोक इग्बो नव्हते, हेही नाकारता येत नाही. इजॉ नेते आयझॅक बोरो यांनी फेब्रुवारी १९६६ मध्येच नायजर त्रिभुज प्रदेशाचे स्वतंत्र प्रजासत्ताक पुकारले होते. बारा दिवसांत ते बंड मोडले गेले. युद्धात बोरो केंद्राच्या बाजूने लढले आणि १९६८ मध्ये मारले गेले. ओगोनी लेखक केन सारो-विवा हेही केंद्राच्या बाजूने उभे राहिले. आपल्यावर संशय घेतला जातो, आपल्या गावांवर हात टाकला जातो, असे या समाजांतल्या अनेकांना बियाफ्राच्या राज्यात वाटत होते. उत्तरेत इग्बोंनी जे सोसले त्याचीच छाया पूर्वेत इतरांवर पडली.

ऑगस्ट १९६७ मध्ये बियाफ्राच्या फौजा नायजर ओलांडून मध्य-पश्चिम राज्यात शिरल्या आणि लेगोसच्या दिशेने ओरेपर्यंत धडकल्या. केंद्राच्या सेनेने त्यांना मागे रेटले. त्या माघारीत नायजरच्या पश्चिम काठावरचे असाबा गाव सापडले. असाबाचे लोक इग्बो बोलणारे, पण बियाफ्राचे नव्हते. ७ ऑक्टोबरला गावातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले, की सैनिकांचे स्वागत करायचे आणि आपण अखंड नायजेरियाच्या बाजूचे आहोत हे दाखवायचे. शेकडो स्त्री-पुरुष-मुले सणासुदीची पांढरी वस्त्रे नेसून, नाचत, एकीच्या घोषणा देत रस्त्याने निघाली. वाटेत सैनिकांनी पुरुष आणि वयात आलेली मुले बाजूला काढली, त्यांना ओग्बे-ओसोवाच्या मोकळ्या जागेत नेले आणि मशीनगन चालवल्या. त्या दिवसांत असाबात शेकडो माणसे मारली गेली. एका देशाचे नाव घेत निघालेल्यांना त्याच देशाच्या सैन्याने मारले, कारण त्यांची बोली शत्रूची होती.

पोर्ट हारकोर्ट मे १९६८ मध्ये पडले आणि बियाफ्राचा समुद्र तुटला. नाकेबंदीत अन्न मिळेना. सुजलेले पाय, फुगलेली पोटे आणि विटलेले केस असलेल्या मुलांची छायाचित्रे जगभर छापली गेली. ब्रिटन आणि सोव्हिएत संघ दोघेही केंद्राला शस्त्रे पुरवत होते. बियाफ्राला मान्यता दिली ती टांझानिया, झांबिया, गॅबन, आयव्हरी कोस्ट आणि हैती यांनी. उली इथे हमरस्त्याचा एक पट्टा रुंद करून धावपट्टी बनवली होती. रात्री दिवे क्षणभर लागत, साओ तोमेहून आलेले चर्च संस्थांचे विमान उतरे, सुकी मासळी, दूधभुकटी आणि औषधे उतरवली जात आणि उजाडण्याआधी ते परत जाई. जून १९६९ मध्ये रेड क्रॉसचे एक विमान पाडण्यात आले. बळींचा आकडा पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत सांगितला जातो. त्यात गोळीने मेलेल्यांपेक्षा भुकेने मेलेले कितीतरी अधिक, आणि त्यांतही मुले सर्वांत जास्त.

कदुनाचे न्झेओग्वू जुलै १९६७ च्या अखेरीस बियाफ्राच्या बाजूने लढताना पडले. गोवॉन यांच्या आदेशाने त्यांना कदुनातच लष्करी इतमामाने पुरण्यात आले. लढाई थांबवण्यासाठी दोन्ही बाजूंशी बोलू पाहणारे नाटककार वोले सोयिंका यांना केंद्र सरकारने दोन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवले.

युद्धानंतरचा हिशेब

जानेवारी १९७० मध्ये ओजुकू आयव्हरी कोस्टला निघून गेले. शरणागती जाहीर करण्याची वेळ आली फिलिप एफिओंग यांच्यावर, आणि ते इग्बो नव्हते, इबिबिओ होते. गोवॉन यांनी जाहीर केले की या युद्धात कुणी जेता नाही, कुणी जित नाही. ज्या सूडसत्राची भीती होती ते झाले नाही आणि त्याचे श्रेय गोवॉन यांना द्यायलाच हवे. पण पैशाच्या हिशेबात हा शब्द पाळला गेला नाही. युद्धात बँकखाते हाताळलेल्या माणसाला, खात्यात कितीही रक्कम असो, बहुतांशी वीस पौंड देऊन वाटेला लावले गेले. दोन वर्षांनी परदेशी कंपन्यांचे भाग नायजेरियनांना घेता येऊ लागले, तेव्हा इग्बो व्यापाऱ्यांच्या हाती भांडवलच नव्हते.

आणखी एक फरक बघण्यासारखा आहे. ज्या कानोत कत्तली झाल्या होत्या, तिथे इग्बोंची बरीच घरे सांभाळून ठेवली गेली आणि परतलेल्या कित्येक मालकांना त्यांचे भाडेही मिळाले. पोर्ट हारकोर्टमध्ये मात्र नव्या राज्याने इग्बोंची घरे ‘बेवारस मालमत्ता’ ठरवली आणि त्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. जुना द्वेष हेच सगळ्याचे कारण असते तर हे उलटे घडायला हवे होते. कानोत इग्बो परतल्याने कुणाची सत्ता जाणार नव्हती. पोर्ट हारकोर्टमध्ये नव्या राज्याच्या नोकऱ्या, जमिनी आणि तेल यांचा वाटा ठरायचा होता. वैर रक्तात नसते, ते वाटपात असते.

नायजेरियाने पुढे जे उपाय केले त्यांतले काही खरोखर शहाणपणाचे आहेत. १९७३ पासून पदवीधर तरुणांना वर्षभर परक्या राज्यात सेवेला पाठवले जाते. राजधानी लेगोसहून देशाच्या मध्यावर, अबुजाला, १९९१ मध्ये हलवली. राष्ट्राध्यक्ष व्हायचे तर नुसती जास्त मते पुरत नाहीत, दोन तृतीयांश राज्यांत किमान पाव मते मिळवावी लागतात. म्हणून कुणालाही एका समाजाच्या जोरावर देश जिंकता येत नाही. बारा राज्यांची आता ३६ झाली आहेत.

पण मुळावरचा घाव तसाच आहे. केंद्रातली पदे सगळ्या राज्यांत वाटली जावीत हा नियम चांगल्या हेतूने आला. मात्र कोण कुठल्या राज्याचा, हे राहण्यावरून ठरत नाही, आई-वडील किंवा आजी-आजोबा कुठल्या मूळ समाजाचे यावरून ठरते. स्थानिक प्रशासनाकडून भूमिपुत्र असल्याचा दाखला आणावा लागतो. तो नसेल तर सरकारी नोकरी, शिष्यवृत्ती आणि विद्यापीठातला प्रवेश अवघड होतो. जोस शहरात पिढ्यान्पिढ्या राहणारे हौसा कुटुंब तिथे उपरे आणि कानोत जन्मलेला इग्बो कानोत उपरा. याच वादातून २००१ मध्ये जोसमध्ये दंगल झाली आणि सुमारे हजार माणसे मेली. तेलाच्या भूमीतही हेच झाले. युद्धात केंद्राची बाजू घेणारे केन सारो-विवा पुढे आपल्या ओगोनी लोकांच्या उद्ध्वस्त शेतांसाठी आणि तेलातल्या वाट्यासाठी लढले. १० नोव्हेंबर १९९५ रोजी लष्करी सरकारने त्यांना आठ सहकाऱ्यांसह फासावर चढवले. नवे राज्य मिळाले, तरी त्या राज्यात आणखी लहान कुणी असतोच.

म्हणून बियाफ्राचा धडा ‘वेगवेगळे समाज एकत्र नांदू शकत नाहीत’ हा नाही. कानो, कदुना आणि जोसच्या बाजारांत ते नांदत होते, आजही नांदतात. वाटणी करताना राज्याने माणसाच्या हातचे काम न पाहता त्याच्या आजोबांचे गाव विचारले, तेव्हा शेजारी शत्रू झाला. अडीचशे समाजांच्या देशात प्रत्येकासाठी वेगळी सीमा आखणे कधीच पुरे होणार नाही. करण्यासारखे काम एकच आहे आणि ते अजून राहिले आहे: जो जिथे राहतो, कर भरतो, मुले वाढवतो, तो तिथला, हे घटनेत लिहिणे, आणि दाखला देणाऱ्या खिडकीवर ते पाळणे. नायजेरियातले अनेक कायदेतज्ज्ञ आणि कार्यकर्ते हीच मागणी करत आले आहेत. युद्धात मेलेल्या मुलांचे देणे कशाने फिटायचे असेल, तर ते याच तरतुदीने.